घर सोडून कॅरव्हॅनमध्ये राहायचंय? ब्रिटनमधल्या नवख्यांसाठी पायरीपायरीने

ब्रिटनमध्ये सरासरी घरभाडं महिना १,३०० पौंडांच्या वर गेल्यापासून एक प्रश्न वारंवार कानावर येतो: दहा-बारा हजार पौंडांत चांगली सेकंडहँड टूरिंग कॅरव्हॅन मिळते, मग दर महिन्याला घरमालकाची भर कशाला करायची? त्यातच राहू की.

राहता येतं. पण लोक ज्याची धास्ती घेतात ते फारसं नडत नाही, आणि ज्याचा विचारच केलेला नसतो ते नडतं. 'जागा पुरेल का' हा पहिला प्रश्न सगळ्यांचा. दहा बाय दहाच्या खोलीत चार जणांत वाढलेल्या माणसाला सहा मीटरची व्हॅन फार लहान वाटत नाही, महिनाभरात सवय होते. लोक मुकाट्याने परत भाड्याचं घर शोधायला लागतात ते दोन गोष्टींमुळे: ओल आणि पत्ता. म्हणून या लेखात त्या दोन्हींना जास्त जागा दिली आहे.

एक खुलासा आधीच. इथे तीन वेगवेगळ्या वस्तूंना सरसकट कॅरव्हॅन म्हणतात. गाडीला मागे जोडून नेतात ती टूरर. हॉलिडे पार्कवर ट्रकने आणून ठेवलेली ती स्टॅटिक. आणि पार्क होम म्हणजे कायम राहण्याची परवानगी असलेल्या साइटवरचं, चाकं नावापुरती असलेलं घर. पार्क होमवाल्याला १९८३ च्या मोबाइल होम्स अ‍ॅक्टचं संरक्षण आहे. टूरर घेऊन हॉलिडे साइटवर उतरणाऱ्याला भाडेकरूचे हक्क नाहीत, तो तिथे पाहुणा. पुढचं सगळं टूररबद्दल आहे.

पायरी १: व्हॅन नंतर, जागा आधी

नवखे लोक आधी व्हॅन घेतात आणि मग 'कुठे उभी करू' म्हणून शोधत फिरतात. क्रम उलटा हवा.

१९६० च्या कायद्यानुसार कॅरव्हॅन साइटला परवाना लागतो आणि बहुतेक साइट्सच्या परवान्यात किंवा प्लॅनिंग परवानगीतच 'फक्त सुट्टीसाठी' अशी अट असते. मालक कितीही भला असला तरी तुम्हाला वर्षभर एका जागी ठेवून घेणं त्याच्या हातात नसतं. कॅरव्हॅन अँड मोटरहोम क्लबच्या मोठ्या साइट्सवर सलग २१ रात्री राहता येतं. याच क्लबच्या सभासदांसाठी शेतकऱ्यांनी चालवलेल्या, एका वेळी पाचच व्हॅन घेणाऱ्या छोट्या जागा असतात, त्यांना सगळे 'सीएल' म्हणतात, तिथे मर्यादा २८ दिवसांची. कॅम्पिंग अँड कॅरव्हॅनिंग क्लब हा दुसरा मोठा क्लब, १९०१ सालचा. त्याच्या अशाच छोट्या जागा म्हणजे 'सीएस'. पूर्णवेळ राहणाऱ्यांनी दोन्ही क्लबांचं सभासदत्व घ्यावं. वर्षाची फी दोन-तीन मुक्कामांतच वसूल होते.

मग नकाशा घेऊन बसा. नोकरीच्या ठिकाणापासून तासाभराच्या आत असलेल्या चार-पाच जागा हुडका, ज्यांत फिरत राहता येईल. प्रत्येकाला फोन करून तीन गोष्टी विचारा: नोव्हेंबर ते मार्च चालू असता का, हार्डस्टँडिंग (खडीची पक्की जागा) आहे का, वीज किती अँपिअरची. अनेक साइट्स हिवाळ्यात बंद असतात, आणि ज्या सीएल चालू असतात त्यांतल्या नुसत्या गवतावरच्या जागांचा नोव्हेंबरात चिखल होतो. खडी टाकून पक्की केलेली जागा नसेल तर चाकं रुततात आणि ट्रॅक्टर बोलवावा लागतो. 'आम्ही इथे कायमचं राहतोय' असं फोनवर पहिल्याच वाक्यात सांगू नये, पण विचारलं तर खोटंही बोलू नये. बऱ्याच शेतकऱ्यांना वेळेवर पैसे देणारा, गडबड न करणारा हिवाळी मुक्कामी हवाच असतो.

'मित्राच्या ड्राइव्ह-वेवर लावू' हा पर्याय फार जणांच्या डोक्यात असतो. घराच्या आवारात कॅरव्हॅन उभी करायला सहसा हरकत नसते, आणि घरातल्याच कुटुंबातल्या माणसाने रात्री तिथे झोपायलाही. पण तिथे वेगळी चूल मांडून स्वतंत्र राहायचं म्हटलं की प्लॅनिंगची परवानगी लागते. शेजारच्याने काउन्सिलकडे एक ईमेल टाकला की पुरे, आणि निस्तरावं लागतं मित्राला.

रस्त्याच्या कडेला, माळावर, समुद्रकिनारी 'असंच राहू' हे विसरा. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने कुठेही फिरायचा हक्क आहे खरा, पण तो पायी, सायकलवर किंवा तंबू घेऊन. मोटर वाहनांना तो लागू नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर २०२२ च्या कायद्यानंतर, मालकाने जा म्हटल्यावरही वाहनासकट परक्या जमिनीवर मुक्काम ठोकून नुकसान किंवा त्रास केला तर तो फौजदारी गुन्हा होऊ शकतो आणि व्हॅन जप्तही होऊ शकते. व्हिसावर राहणाऱ्याने त्या वाटेला जाऊच नये.

पायरी २: पत्त्याची सोय

घरात राहताना पत्ता ही गोष्ट डोक्यातही येत नाही. तो सुटला की कळतं, या देशात अर्धं आयुष्य त्याच्यावर टांगलेलं आहे.

पहिली गरज टपालाच्या पत्त्याची. सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे भाऊ, बहीण, वहिनी, काका अशा हक्काच्या माणसाचं घर. त्यांना आधी नीट विचारा, कारण तुमच्या नावाने येणारी पाकिटं, बँकेची पत्रं, प्रसंगी दंडाची नोटीसही त्यांच्या दारात पडणार. कुणीच नसेल तर पैसे घेऊन टपाल स्वीकारणाऱ्या, स्कॅन करून पाठवणाऱ्या सेवा आहेत, मात्र बँका आणि विमावाले तसला पत्ता पुष्कळदा ओळखतात आणि नाकारतात.

मग एकेक ठिकाण निपटा.

ड्रायव्हिंग लायसन्स आणि गाडीचं नोंदणीपत्र या दोन्हींवर जिथे तुम्ही पत्राने सापडाल असा पत्ता हवा. बदल कळवला नाही तर १,००० पौंडांपर्यंत दंड आहे.

व्हिसा. हे मराठी वाचकांपैकी निम्म्यांना लागू असेल म्हणून ठळक सांगतो. स्किल्ड वर्करवर असाल तर होम ऑफिसकडच्या तुमच्या ऑनलाइन खात्यात पत्ता अद्ययावत ठेवणं तुमची जबाबदारी, आणि कंपनीकडे तुमचा ताजा पत्ता असणं कंपनीची. एचआरला अंधारात ठेवून व्हॅनमध्ये राहायला जाऊ नका. बायकोला किंवा नवऱ्याला स्पाउस व्हिसावर आणायचं असेल तर 'पुरेशी राहण्याची जागा' दाखवावी लागते. दर तीन आठवड्यांनी हलणारी व्हॅन त्या चौकटीत बसवणं फार अवघड आहे. तो अर्ज होईपर्यंत घर सोडू नये, असं माझं स्पष्ट मत.

डॉक्टर. इंग्लंडमध्ये जीपीकडे नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा देणं सक्तीचं नाही. रिसेप्शनवर मागतील, तेव्हा नम्रपणे हे सांगायचं. तीन महिन्यांहून कमी काळ एखाद्या भागात असाल तर तात्पुरता रुग्ण म्हणूनही नोंद होते. नियमित गोळ्या चालू असतील तर एकाच सर्जरीत नाव राहू द्या आणि औषधं जिथे असाल तिथल्या फार्मसीत मागवा.

मतदार यादी. भारतीय नागरिकांना, कॉमनवेल्थमुळे, इथे राहत असताना मतदानाचा हक्क आहे हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. कायमचा पत्ता नसलेल्यांसाठी 'स्थानिक संबंध' जाहीर करण्याचा वेगळा अर्ज असतो. मतापेक्षाही लगेचचा फायदा म्हणजे यादीत नाव असलं की क्रेडिट स्कोअर कोसळत नाही.

शाळेत जाणारी मुलं असतील तर शाळाप्रवेश पत्त्यावर ठरतो, आणि तो पत्ता मूल खरोखर राहतं तिथलाच लागतो. मुलांसकट पूर्णवेळ टूररमध्ये राहणारी कुटुंबं आहेत. नवख्याने मात्र सुरुवात तिथून करू नये.

पायरी ३: व्हॅन निवडणं

बाहेरून चकाचक व्हॅनला भुलू नका. आत शिरा, दार लावा आणि आधी वास घ्या. कुबट, पावसाळ्यातल्या बंद कपाटासारखा वास आला की बाकीचं बघायचीही गरज नाही. वास नसेल तर खिडक्यांचे खालचे कोपरे, छत आणि भिंत मिळते ती कड, पुढच्या लॉकरचा तळ अंगठ्याने दाबून बघा. मऊ लागलं तर आतलं लाकूड कुजलंय. विकणाऱ्याकडे ओलाव्याचा रिपोर्ट मागा. १५ टक्क्यांपर्यंतचे आकडे ठीक, २० च्या पुढे गेले की काम निघणार. रिपोर्टच नसेल तर स्वतः पैसे भरून तपासून घ्या. ओल आत शिरलेली व्हॅन दुरुस्त करायचा खर्च बऱ्याचदा व्हॅनच्या किमतीएवढा जातो.

कागदपत्रांत सीआरआयएस या कॅरव्हॅन नोंदणी यंत्रणेतली नोंद बघा. १९९२ पासून ब्रिटिश बनावटीच्या टूररना नंबर असतो, तो चासीवर आणि खिडक्यांच्या काचांवर कोरलेला असतो. काचेवरचा आणि कागदावरचा नंबर जुळला पाहिजे, आणि चोरीची किंवा कर्जाची तर नाही हे ऑनलाइन तपासता येतं. टूररला एमओटी, म्हणजे गाड्यांची दर वर्षीची तपासणी, नसते, रोड टॅक्स नसतो. म्हणूनच टायर, ब्रेक कुणी कधी बघितले याची खात्री तुम्हालाच करायची. टायरची नक्षी शाबूत असली तरी पाच वर्षं झाली की बदलायचा विचार करावा, सात वर्षांपुढे वापरूच नये.

पूर्णवेळ राहायचं तर माझ्या मते तीन गोष्टींवर तडजोड नको. कायमचा पलंग: रोज रात्री सोफा मोडून बिछाना करणं सुट्टीत गमतीचं, डिसेंबरात ऑफिसहून आल्यावर शिक्षा. दुसरं, 'ग्रेड थ्री' इन्सुलेशन: बाहेर उणे १५ अंश असताना आत २० अंश करता यावं अशी त्याची चाचणी असते, आणि पाण्याची व्यवस्था गोठता कामा नये. तिसरं, पेलोड. बाकी रंग, पडदे, टीव्ही काय, येतात-जातात.

पेलोडचं प्रकरण समजून घ्या. व्हॅनच्या पाटीवर तिचं कमाल वजन लिहिलेलं असतं. त्यातून रिकाम्या व्हॅनचं वजन वजा केलं की उरतं ते तुमचं सामान, बहुतेक टूररमध्ये जेमतेम दीडशे किलो. त्यातच बॅटरी, गॅसचा सिलिंडर, ऑनिंग म्हणजे व्हॅनच्या बाजूला लावायचा तंबू, आणि मोटर मूव्हर म्हणजे गाडीशिवाय व्हॅन सरकवणारी मोटर बसवली असेल तर तीही. म्हणजे कपडे, भांडी, मिक्सर, दहा किलोची आटा-बॅग, तांदूळ, लोणच्याच्या बरण्या आणि पुस्तकं मिळून सत्तर-ऐंशी किलोंत बसवायचं. पुस्तकं बसत नाहीत. जड सामान अ‍ॅक्सलच्या वर आणि खाली जमिनीलगत, हलकं वरच्या लॉकरमध्ये. निघण्याआधी एकदा सार्वजनिक वजनकाट्यावर नेऊन खरं वजन बघा. डोळ्यांच्या अंदाजाने हमखास कमीच वाटतं.

दोन अ‍ॅक्सलची व्हॅन रस्त्यावर स्थिर आणि आत ऐसपैस असते. पण काही खासगी साइट्स ती घेत नाहीत आणि सीएलच्या अरुंद फाटकांतून वळवताना घाम फुटतो.

विमा काढताना 'मी यात कायम राहतो' हे सांगाच. साध्या टूरिंग पॉलिसीत कायमचं वास्तव्य बसत नाही, आणि दावा करायच्या दिवशी ते कळून उपयोग नाही. हिच लॉक (गाडीला जोडायच्या हुकचं कुलूप) आणि व्हील लॉक ही बहुतेक कंपन्यांची अट असते.

पायरी ४: ओढायला शिकणं

१६ डिसेंबर २०२१ पासून साध्या ब्रिटिश कार लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, वेगळी परीक्षा नाही. भारतीय लायसन्स इथे वास्तव्य सुरू झाल्यापासून फक्त १२ महिने चालतं, तेव्हा ब्रिटिश लायसन्स काढूनच यात पडा. परीक्षा नसली तरी दोन्ही क्लब शिकवण्या घेतात. त्यांतली एक दिवसाची तरी करा, विशेषतः रिव्हर्ससाठी, कारण व्हॅन मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं आणि ते वाचून येत नाही.

व्हॅनचं भरलेलं वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. नवख्यासाठी हा सल्ला आहे, कायदा नाही, पण शहाणा सल्ला. गाडीच्या हुकवर पडणारा भार व्हॅनच्या वजनाच्या पाच ते सात टक्के असावा. तो कमी पडला की मोटरवेवर व्हॅन शेपटी हलवायला लागते. असं झालं तर ब्रेक दाबू नका, अ‍ॅक्सलरेटरवरचा पाय हळूहळू उचला, स्टिअरिंग सरळ धरा. वेगमर्यादा मधे दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी ५० मैल, ड्युअल कॅरेजवे आणि मोटरवेवर ६०, आणि तीन लेनच्या मोटरवेवर सगळ्यात उजवी लेन तुमच्यासाठी नाही.

पायरी ५: जागेवर उतरण्याचा क्रम

पहिले काही मुक्काम हा क्रम कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवा. व्हॅन डावी-उजवी सपाट करायची ती गाडीला जोडलेली असतानाच, खालच्या बाजूच्या चाकाखाली उतरता ठोकळा घालून. मग हँडब्रेक, मग गाडी सोडवायची, मग पुढचं जॉकी व्हील वरखाली करून पुढे-मागे सपाटी साधायची. सगळं झाल्यावर चार कोपऱ्यांचे पाय टेकवायचे. ते पाय व्हॅन स्थिर राहावी म्हणून असतात, त्यांच्या जोरावर व्हॅन उचलायला गेलात तर ते वाकतात. विजेची केबल आधी व्हॅनला जोडा, मग साइटच्या खांबाला. निघताना उलट, आधी खांबाकडून काढा. केबल कितीही लांब असो, पूर्ण उलगडून व्हॅनखाली सैल टाकून द्यायची. गुंडाळी तशीच ठेवून हीटर लावला तर ती तापून वितळते.

पायरी ६: वीज आणि स्वयंपाक

घरात किटली, हीटर, वॉशिंग मशीन एकदम चालू असतं आणि कुणाला काही वाटत नाही. साइटवर तुम्हाला १६, १० किंवा कधी ६ अँपिअर मिळतात. २३० व्होल्टने गुणा: १० अँपिअर म्हणजे २,३०० वॉट. व्हॅनचा हीटर विजेवर पूर्ण लावला की २,००० त्यातच गेले. मग साडेसातशेचा मिक्सर चटणीसाठी फिरवला की खांबावरचा स्विच पडतो आणि रात्री नऊ वाजता पावसात टॉर्च घेऊन बाहेर. म्हणून हीटर १,००० वर, किटली कमी वॉटची, आणि मिक्सर चालवताना पाण्याचा गिझर बंद. पाठ व्हायला आठवडा लागतो. ६ अँपिअरच्या जागेवर तर एका वेळी एकच वस्तू.

गॅस लाल सिलिंडरचा, म्हणजे प्रोपेनचा घ्यायचा. निळ्यातला ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास सिलिंडरबाहेर यायलाच तयार होत नाही, आणि नेमका तेव्हाच तो हवा असतो. प्रोपेन उणे चाळीसपर्यंत चालतो. दोन सिलिंडर ठेवा, एक संपला की लगेच दुसरा भरून आणा. व्हॅनच्या जमिनीत आणि भिंतीत जाळीची भोकं असतात. थंडी येते म्हणून ती बुजवू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर त्या भोकांतून खाली निघून जातो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा, आणि तंदुरीच्या हौसेपायी पेटती किंवा विझत आलेली शेगडी ऑनिंगमध्ये कधीही आणू नका. दर काही वर्षांनी त्यापायी इथे माणसं दगावतात.

स्वयंपाकाबद्दल एक रोखठोक सल्ला. फोडणी, तळण आणि मासळी बाहेर ऑनिंगमध्ये, दोन्ही पडदे उघडे ठेवून, छोट्या इंडक्शनवर. आत सोफ्याच्या कापडात बसलेला हिंग-लसणीचा वास सहा महिने जात नाही आणि व्हॅन विकताना किंमत पाडतो. कुकर मात्र आणा. पाच लिटरचा नको, तीनचा बास.

पायरी ७: पाणी आणि संडास

इंग्लंडमध्ये घरात माणशी रोज १४० लिटरच्या आसपास पाणी वापरलं जातं. व्हॅनमध्ये तुमची टाकी म्हणजे ४० लिटरचा गोल पिंप, नळापासून व्हॅनपर्यंत जमिनीवर लोळवत आणायचा. काटकसरीने दोघांना तो दीड दिवस पुरतो. आंघोळ साइटच्या शॉवरमध्ये केली तर दोन. भांड्यांचं सांडपाणी दुसऱ्या पिंपात साठतं, ते ठरलेल्या जागी नेऊन ओतायचं.

१८८५ मध्ये विल्यम गॉर्डन स्टेबल्स या नौदलातल्या निवृत्त डॉक्टरने ब्रिस्टलमध्ये 'वाँडरर' नावाची घोडागाडी बनवून घेतली आणि केवळ मौजेसाठी तिच्यातून देशभर फिरला. आजच्या सगळ्या टूरर तिच्या वंशातल्या मानतात. त्याच्या हाताशी नोकर होते. तुमच्याकडे पाण्याचं आणि संडासाचं काम तुम्हीच करणार आहात, रोज, ताप असला तरी.

संडासाची कॅसेट अठरा-वीस लिटरची असते, दोघांत तीन दिवसांत भरते. बाहेरच्या बाजूच्या छोट्या दारातून ओढून काढायची, चाकांवर 'एल्सन पॉइंट'ला, म्हणजे साइटवर कॅसेट रिकामी करायच्या ठरलेल्या जागी, न्यायची. तोंड खाली वळवताना हवेचं बटण दाबून धरायचं, नाहीतर गचके देत अंगावर उडतं. स्वच्छ पाण्याने दोनदा विसळून निळं औषध आणि थोडं पाणी घालून परत बसवायची. रबरी हातमोजे वेगळे ठेवा. चार मिनिटांचं काम आहे. कॅसेट भरल्याचा दिवा लागेपर्यंत थांबू नका, अर्धी भरली की न्या, नाहीतर वजन पेलवत नाही.

पायरी ८: ओल आणि हिवाळा

घराच्या विटांच्या भिंती जाड, खोल्या मोठ्या, हवा भरपूर. श्वासातली, स्वयंपाकातली वाफ तिथे विरून जाते. व्हॅनमध्ये तेवढीच वाफ एका छोट्या डब्यात कोंडते आणि रात्री सगळ्यात गार पृष्ठभाग शोधून त्यावर पाणी होऊन बसते: खिडकीची चौकट, गादीचा खालचा भाग, कपाटाची मागची भिंत. तीन आठवड्यांत तिथे काळे ठिपके.

एक गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते. एक किलो प्रोपेन जळला की त्यातून दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं. हीटरचा धूर आणि वाफ नळीने बाहेर जाते, पण स्वयंपाकाच्या गॅस शेगडीची वाफ थेट तुमच्या खोलीत. म्हणजे 'थंडी वाजते, जरा शेगडी पेटवून ठेवू' हे दोन प्रकारे घातक: हवेतला प्राणवायू घटतो आणि भिंती ओल्या होतात. भात करताना झाकण ठेवा, छताची झडप उघडी ठेवा, आणि शेगडीचा उपयोग खोली तापवण्यासाठी कधीच नाही.

रोजची शिस्त अशी. सकाळी उठल्याबरोबर खिडक्यांच्या चौकटी फडक्याने पुसून ते फडकं बाहेर पिळा. गादी उभी करून तासभर वारा द्या. पलंगाखाली फळ्यांची किंवा जाळीची चटई घाला म्हणजे गादीला खालून हवा लागते. कपाटं गच्च भरू नका, भिंतीपासून चार बोटं सोडा. ओले कपडे आत वाळवायचे नाहीत, याला अपवाद नाही. साइटचा ड्रायर किंवा गावातलं लाँड्रोमॅट. आणि हवेतला ओलावा काढणारा डीह्युमिडिफायर घ्या, पण डेसिकंट, म्हणजे ओलावा शोषणारा पदार्थ वापरणाऱ्या प्रकारचा. कॉम्प्रेसरवाले थंड हवेत ढेपाळतात, डेसिकंट थंडीतही काम करतो आणि वर थोडी ऊब देतो. तो सहाशे-सातशे वॉट खातो, तेव्हा पायरी सहामधला हिशेब परत मांडा.

गोठणीच्या रात्री पाण्याच्या पिंपाला जाड आवरण घाला, सांडपाण्याच्या नळ्यांना उतार द्या म्हणजे त्यांत पाणी साचून बर्फ होत नाही. दोन दिवस बाहेर जाणार असाल आणि हीटर बंद राहणार असेल तर गिझर आणि नळ पूर्ण रिकामे करा. गोठलेल्या पाण्याने गिझर फुटला तर बिल शेकड्यांत येतं. छतावरच्या सोलर पॅनलचा भरवसा डिसेंबरात धरू नका, साडेतीनलाच अंधारायला लागतं.

पायरी ९: पैशाचा खरा हिशेब, आणि परतीची वाट

सीएल रात्रीला १५ ते २५ पौंड, क्लबची मोठी साइट २५ ते ४०, असं धरून चाला. सरासरी २० धरले तरी महिन्याचे ६००. वर हिवाळ्यात गॅस, लाँड्री, विमा, मोबाइल डेटा, दर तीन आठवड्यांनी व्हॅन ओढताना जास्त खाल्लं जाणारं डिझेल, आणि न मावलेल्या सामानासाठी स्टोरेज. साडेआठशे-नऊशेच्या घरात जातं. कॅरव्हॅन हेच तुमचं मुख्य घर ठरून एका जागी फार काळ राहिलात तर काउन्सिल टॅक्सही लागू होऊ शकतो. लंडन किंवा ब्रिस्टलमध्ये एकट्याने फ्लॅट घेण्याशी तुलना केली तर बचत घसघशीत आहे. लेस्टर किंवा ब्रॅडफर्डमध्ये इतरांबरोबर घर वाटून घेतलेल्या खोलीशी केली तर काहीच नाही, उलट तिथे बिलं भाड्यातच असतात. शिवाय विकत घेतलेल्या घराची किंमत सहसा वाढते, व्हॅनची दर वर्षी उतरते.

म्हणून बचतीसाठी नुसतं जाऊ नका. ज्यांचं काम दर काही महिन्यांनी जागा बदलतं, म्हणजे रोटेशनवरचे डॉक्टर, साइटवरचे इंजिनिअर, कॉन्ट्रॅक्टवरचे आयटीवाले, त्यांना हे खरोखर सोयीचं पडतं. एका शहरात पक्की नोकरी आणि शाळेतली मुलं असलेल्यांना नाही.

घराचा करार संपवण्याआधी जानेवारी किंवा फेब्रुवारीत भाड्याने व्हॅन घेऊन दोन आठवडे तिथूनच नोकरीवर जा. जूनमधल्या सहलीवरून काहीच कळत नाही. घर सोडताना घरमालकाकडून वेळेवर भाडं दिल्याचं पत्र लेखी घ्या. पुढे पुन्हा भाड्याने घर घ्यायला गेलात की एजंट साधारण तीन वर्षांचे पत्ते मागतो, आणि मधली दोन वर्षं कोरी दिसली की इथला जामीनदार मागायला लागतो. प्रत्येक साइटची पावती, तारखेसकट, फोनमध्ये एका फोल्डरमध्ये टाकत चला, आणि टपालाचा पत्ता शक्यतो मधे बदलू नका.